वायरलेस शिफ्टिंग हॅक होतं म्हणे, मग रेससाठी घ्यायचं का नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की नवी रेस बाइक घ्यायचीय, बजेटमध्ये वायरलेस इलेक्ट्रॉनिक गिअर बसतायत, पण शिमानोचे वायरलेस गिअर रेडिओने हॅक करून दाखवल्याची बातमी वाचली आणि आता वाटतंय की केबलवालेच घ्यावेत. वर तुमचा मित्र म्हणतो की ऐन रेसमध्ये बॅटरी गेली किंवा सिग्नल तुटला तर काय करणार. मी रेसिंग टीमच्या सायकली सांभाळायचं काम करतो, केबल, वायरवाले इलेक्ट्रॉनिक आणि वायरलेस तिन्ही प्रकार रोज हाताखालून जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट वेगळी करून घ्या, कारण या विषयावर बोलताना सगळे ती मिसळतात. वायरलेस शिफ्टिंगमध्ये दोन तऱ्हेने घोटाळा होऊ शकतो. एक म्हणजे तुम्ही लिव्हर दाबला आणि सिग्नल पोचलाच नाही. दुसरं म्हणजे तुम्ही काहीच दाबलं नाही आणि तरी डिरेलरला, म्हणजे चेन एका दातावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाला, खोटा सिग्नल पोचला. पहिल्यात गिअर आहे तिथेच राहतो, वैताग येतो, रेस हातातून जाऊ शकते, पण चेन जागेवर असते. दुसऱ्यात पेडलवर उभं राहून पूर्ण ताकद लावलेली असताना पायाखालचा गिअर बदलतो, आणि तिथे माणूस पडू शकतो. सिक्युरिटीचं काम मुख्यतः दुसरी गोष्ट रोखायचं आहे आणि रिलायबिलिटीचं काम पहिली, आणि या दोन्हींवरचे उपाय एकमेकांपासून बरेच वेगळे आहेत.

आता ती बातमी. ऑगस्ट २०२४ मध्ये नॉर्थईस्टर्न युनिव्हर्सिटी आणि कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटी, सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी युझनिक्स या कॉम्प्युटर संस्थेच्या वूट नावाच्या सिक्युरिटी परिषदेत डीआय२, म्हणजे शिमानोच्या इलेक्ट्रॉनिक गिअरच्या वायरलेसवर पेपर मांडला. नाव ठेवलं होतं मेकशिफ्ट. त्यांनी बाजारात सहज मिळणारा सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ (कॉम्प्युटरवरून हवा तो सिग्नल ऐकता-पाठवता येतो असा) वापरला, सिग्नल वाढवायला वेगळा अँप्लिफायर नाही, आणि १० मीटरवरून दुसऱ्याच्या सायकलचा गिअर बदलून दाखवला. त्यातल्या त्यात स्वस्त १०५ आणि सगळ्यात वरचा ड्युरा-एस असे दोन्ही सेट तपासले होते, म्हणजे महागडा घेतला तर सुटलो असं काही नव्हतं.

यात एन्क्रिप्शन फोडलं असा समज झालाय बऱ्याच जणांचा, तसं नाहीये. एन्क्रिप्शन होतंच आणि ते फोडायची गरजच पडली नाही. म्हणजे काय तर सीलबंद पाकिटात आदेश जातोय, आत काय लिहिलंय ते चोराला वाचता येत नाही, पण पाकिटाची हुबेहूब प्रत काढून उद्या परत पाठवली तर घेणारा तीसुद्धा खरी मानतो, कारण पाकिटावर ना तारीख ना नंबर. याला रिप्ले अटॅक म्हणतात. तुम्ही एकदा गिअर वर टाकताना तो सिग्नल कोणी रेकॉर्ड केला की नंतर हवा तेव्हा तोच सोडून तुमचा गिअर वर जाणार, किल्ली माहीत असायची गरज नाही. गाडीच्या रिमोटमध्ये आणि गॅरेजच्या दारात हीच अडचण कित्येक वर्षांपूर्वी आली होती आणि तिथे रोलिंग कोड आला, म्हणजे प्रत्येक वेळी कोड पुढे सरकतो आणि जुना बाद होतो. सायकलच्या गिअरमध्ये असं काहीतरी सुरुवातीपासून हवं होतं असं माझं स्पष्ट मत आहे, कारण ही ओळखीची चूक आहे, नवी नाही.

त्या पेपरमध्ये आणखी दोन गोष्टी होत्या ज्यांच्याबद्दल कमी बोललं गेलं. एक जॅमिंग. आजूबाजूच्या बाकी सायकली व्यवस्थित चालू राहतील आणि फक्त एकाच रायडरचं शिफ्टिंग बंद पडेल असं नेमकं जॅमिंग त्यांनी केलं. दुसरं म्हणजे माहिती गळणं. डीआय२ सायकल कॉम्प्युटरला गिअरची माहिती एएनटी प्लस या सेन्सरांच्या रेडिओवरून पाठवतं आणि ती उघडी असते, म्हणजे शेजारून जाणाऱ्यालाही योग्य उपकरण असेल तर दिसते. ऐकायला किरकोळ वाटतं पण रेसचा विचार करा, लांब चढावर समोरचा रायडर कॅसेटच्या (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या) शेवटच्या मोठ्या दातावर, म्हणजे सगळ्यात हलक्या गिअरवर आलाय का अजून दोन गिअर हातात ठेवून चाललाय हे दुसऱ्या टीमच्या गाडीत बसून कळत असेल तर अटॅक कधी करायचा ते ठरवायला किती सोपं जाईल. चेहऱ्यावरून थकवा ओळखायला अनुभव लागतो, इथे सरळ आकडाच मिळतोय.

संशोधकांनी हे जाहीर करण्याआधी कंपनीला कळवलं होतं आणि शिमानोने त्यांच्यासोबत काम करून फर्मवेअर, म्हणजे गिअरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं अपडेट बनवलं. ते आधी पुरुष आणि महिला प्रो टीमना दिलं आणि सगळ्यांसाठी ऑगस्ट २०२४ च्या शेवटी आणायचं जाहीर केलं. आत नेमकं काय बदललं ते कंपनीने उघड केलेलं नाही. पण तुमच्यासाठी कामाची गोष्ट ही की अपडेट आपोआप होत नाही. शिमानोचं ई-ट्यूब प्रोजेक्ट ॲप उघडून स्वतः करावं लागतं, आणि बाइक घेतल्यापासून ज्यांनी ते ॲप एकदाही उघडलं नाही असे रायडर मला सतत भेटतात. तेव्हा नवी घ्या किंवा जुनी घ्या, पहिल्याच दिवशी फर्मवेअर तपासायचं.

स्राम या दुसऱ्या गिअर कंपनीचं काय हेही विचाराल. त्यांचं पहिलं वायरलेस रेड ईटॅप २०१५ मध्ये आलं, नंतर २०१९ मध्ये १२ स्पीडचं एएक्सएस. प्रोटोकॉलचं नाव एअरिया, १२८ बिट एन्क्रिप्शन असल्याचं कंपनी सांगते. तिसरी कंपनी कॅम्पाग्नोलो, त्यांचं सुपर रेकॉर्ड वायरलेस २०२३ चं. मेकशिफ्ट पेपर शिमानोवर होता, पण त्यावरून बाकीचे आपोआप सुरक्षित ठरत नाहीत आणि असुरक्षितही ठरत नाहीत. बंद प्रोटोकॉल बाहेरच्या माणसाने तपासेपर्यंत त्याच्याबद्दल छातीठोक बोलू नये. मी स्वतः कोणत्याही ब्रँडचं फर्मवेअर मागे पडू देत नाही, विषय संपला.

तुमच्यावर कोणी असा हल्ला करेल का? रविवारच्या ग्रुप राइडमध्ये कोणी रेडिओ घेऊन मागे लागणार नाही. पण मोठ्या रेसमध्ये ही शक्यता हसून सोडून देणं मला पटत नाही. २०१६ मध्ये बेल्जियमच्या झोल्डरला सायक्लोक्रॉस वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये फ्रेममध्ये लपवलेली मोटर सापडली होती, म्हणजे जिंकण्यासाठी तंत्रज्ञानाचा गैरवापर करणारे लोक या खेळात आहेत हे सिद्ध झालेलं आहे. आणि रेडिओचा हल्ला मागे काहीच ठेवत नाही. रायडर सांगतो गिअर आपोआप पडला, मेकॅनिक स्टँडवर लावून बघतो तर सगळं नीट चाललेलं असतं, मग दोष हँगरला (डिरेलर फ्रेमला ज्या तुकड्यावर अडकतो तो) नाहीतर रायडरच्या बोटाला.

म्हणूनच मी एका साध्या गोष्टीवर फार भर देतो, लिमिट स्क्रू. डिरेलर इलेक्ट्रॉनिक झाला तरी डीआय२ काय किंवा स्रामचे रोड डिरेलर काय, आत आणि बाहेर किती जायचं ते अडवणारे स्क्रू अजून आहेत आणि ते शुद्ध मेकॅनिकल आहेत. सिग्नल खरा असो, खोटा असो, सॉफ्टवेअर बिघडलेलं असो, स्क्रू बरोबर लावला असेल तर डिरेलर स्पोकमध्ये जाऊ शकत नाही आणि चेन छोट्या दाताच्या बाहेर फ्रेमवर पडू शकत नाही. इलेक्ट्रॉनिक आहे म्हणजे मोटर बरोबर जागीच थांबते, स्क्रूला कोण विचारतं, असं समजून ते सैल सोडलेले मी खूप बघतो. तसं करू नका. आणि डीआय२ मध्ये अति घट्टही करू नका, कारण मग मोटर शेवटच्या गिअरला पोचायला स्क्रूवर जोर लावत बसते, शिफ्ट बिघडतं आणि बॅटरी खाते.

तसंच रेससाठी सिंक्रो शिफ्ट बंद ठेवा असं मी सांगेन. त्यात एका बटणावर पुढची, पेडलजवळची चेनरिंग आणि मागची कॅसेट दोन्ही हलतात. ट्रेनिंगला सोयीचं आहे, पण चुकून बटण लागलं किंवा कुठूनही नको तो आदेश आला तर दोन्हीकडे चेन हलते, आणि जोर लावलेला असताना पुढची चेन हलणं हे मागच्यापेक्षा कितीतरी वाईट. मल्टी शिफ्टलाही मर्यादा घाला, बटण दाबून धरलं तर दोन किंवा तीनच गिअर जातील असं ॲपमध्ये सेट करता येतं.

आता सिग्नल न पोचण्याची बाजू. हे सगळं २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालतं, त्याच पट्ट्यात वायफाय, ब्लूटूथ, पॉवर मीटर, हार्ट रेटचा पट्टा सगळेच बोलतात. इतकी गर्दी असून चालतं कसं, तर गिअरचा आदेश एवढासा असतो की हवेत तो फार थोडा वेळ राहतो, अशा सिस्टिममध्ये पोच मागतात आणि पोच आली नाही तर परत पाठवतात, आणि लिव्हरपासून डिरेलरचं अंतर जेमतेम दीड मीटर. मॅविक कंपनीची मेक्ट्रॉनिक ही गिअर सिस्टिम १९९९ मध्ये वायरलेस म्हणून आली होती पण भरवशाच्या तक्रारींमुळे ती टिकली नाही, मधल्या काळात रेडिओ चिप आणि बॅटरी दोन्ही कुठल्या कुठे गेल्या. आज दीडशे रायडरच्या घोळक्यात, प्रत्येकाकडे दोन-तीन सेन्सर, तरी गर्दीमुळे शिफ्ट झालं नाही असं खात्रीने म्हणता येईल अशी केस माझ्या हाताखाली फार क्वचित येते. येतात त्या केस बहुतेक सगळ्या बॅटरीच्या, सेलच्या आणि हँगरच्या.

मुद्दाम केलेल्या जॅमिंगला मात्र एन्क्रिप्शन हे उत्तर नाही हे लक्षात ठेवा. आवाजात आवाज दाबायचाच ठरवला तर कोड कितीही चांगला असला तरी ऐकूच येणार नाही. त्यावर खरा उपाय वायर. ड्युरा-एस आर९२०० आणि अल्टेग्रा आर८१०० या सेटच्या डिस्क ब्रेक लिव्हरमध्ये वायरचा पोर्ट असतो, म्हणजे हवं तर लिव्हरपासूनही वायर टाकता येते. १०५ डीआय२ मध्ये तो नाही. तुम्ही खरंच वरच्या पातळीवर रेस करत असाल आणि ही भीती मनातून जात नसेल तर हा रस्ता आहे, बाकीच्यांनी त्यासाठी फ्रेममधून वायर ओढायचा खटाटोप करू नये.

बॅटरीकडे येतो कारण ९० टक्के त्रास इथे आहे असं म्हटलं तरी चालेल, मोजलेलं नाही, पण रोजचं काम बघून सांगतोय. दोन कंपन्यांची रचना वेगळी आहे आणि ती समजली की रेसमध्ये काय करायचं ते आपोआप सुचतं. शिमानोच्या रोड सेटमध्ये दोन्ही डिरेलर वायरने सीट ट्यूबमधल्या एकाच बॅटरीला जोडलेले असतात, वायरलेस आहे ते फक्त लिव्हरपासून रिअर डिरेलरपर्यंत. त्या बॅटरीत साधारण १००० किलोमीटर निघतात. संपत आली की आधी फ्रंट डिरेलर बंद पडतो आणि नंतर रिअर, ही मुद्दाम ठेवलेली सोय आहे. तेव्हा पुढचा हलेनासा झाला तर कटकट म्हणून दुर्लक्ष करू नका, ती सूचना आहे, मागचे शिफ्ट जपून वापरा. स्राममध्ये प्रत्येक डिरेलरची आपली छोटी बॅटरी, साधारण ६० तास चालणारी, आणि पुढची-मागची सारखीच. मागची संपली तर चढ-उतार बघून आधी पुढे हवी ती चेनरिंग लावायची, मग पुढची बॅटरी काढून मागे बसवायची, अर्ध्या मिनिटात रेस चालू.

लिव्हरमधले बटण सेल हा त्याहून जास्त दगा देणारा भाग, कारण ते दीड-दोन वर्षं चालतात आणि तेवढ्यात माणूस विसरूनच जातो की तिथे सेल आहे. स्रामच्या लिव्हरमध्ये सीआर२०३२ असतो आणि शिमानोच्या आर९२०० मध्ये सीआर१६३२, दुकानात घाईत चुकीचा आणू नका. लहान मुलांनी गिळू नये म्हणून काही कंपन्या सेलवर कडू लेप देतात, त्या लेपामुळे कॉन्टॅक्ट नीट होत नाही आणि नवा सेल टाकूनही शिफ्ट अडखळतं, मग लोक डिरेलर उघडून बसतात. लेप नसलेलेच घ्या. मी सीझनच्या सुरुवातीला सगळ्या लिव्हरचे सेल बदलतो, चांगले चालत असले तरी. थंडीत सेलचा व्होल्टेज खाली येतो, घरात हिरवा दिवा दाखवणारा जुना सेल डोंगरावर पहाटे मान टाकू शकतो. झाकणाचं रबर सील आणि बारके स्क्रू सांभाळा, घाम आणि पाणी तिथूनच आत जातं, आणि प्रेशर वॉशरचा फवारा लिव्हर आणि डिरेलरच्या बॅटरीवर सरळ मारायचा नाही.

रेसमध्ये सेल गेलाच तर? शिमानोमध्ये मागचे गिअर सहसा उजव्या लिव्हरवर असतात, तेव्हा डावीकडचा सेल काढून उजवीकडे टाका, पुढची चेनरिंग आहे तीच ठेवून रेस संपवा. स्राममध्ये एक लिव्हर जड गिअरकडे नेतो आणि दुसरा हलक्याकडे, म्हणून एक मेला की एकाच दिशेने जाता येतं. तिथे रिअर डिरेलरवरचं बटण लक्षात ठेवा, खाली उतरून ते दाबून थेट गिअर बदलता येतो. एकदा घरी स्टँडवर करून बघा, रेसच्या दिवशी पहिल्यांदा नको.

स्रामचे डिरेलर हालचाल झाली की जागे होतात. गाडीच्या टपावर तासनतास थरथरत गेलेली सायकल रात्रभर पूर्ण चार्ज केलेली असूनही सकाळी कमी दाखवू शकते. प्रवासात बॅटऱ्या काढून कव्हर लावून ठेवा. विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या हँडबॅगेतच न्यायच्या असतात, तेही त्यात होऊन जातं.

हँगरबद्दल थोडं, कारण इलेक्ट्रॉनिक गिअरवर उगाच येणारा आरोप इथून येतो. केबलवाल्या गिअरमध्ये हँगर वाकला तर हाताला कळतं, शिफ्ट लोळत जातं. इलेक्ट्रॉनिकमध्ये मोटर ठरलेल्या जागी अगदी अचूक जाते, फक्त ती जागाच वाकड्या हँगरवरून मोजलेली असते. मग रायडर म्हणतो सिग्नल नीट जात नाही. पडल्यावर किंवा सायकल उजव्या बाजूला आपटल्यावर आधी हँगर गेजने तपासायचा, मगच मायक्रो ॲडजस्ट, म्हणजे डिरेलरची जागा बटणाने बारीक सरकवणं, करायचं. वाकड्या हँगरवर ॲडजस्ट करून मधले गिअर जुळतात, टोकाचे जुळत नाहीत, आणि मोठ्या दाताकडचा डिरेलर स्पोकच्या जवळ गेलेला असतो.

फर्मवेअर अपडेटची वेळही महत्त्वाची. सिक्युरिटीसाठी अपडेट हवंच, पण रेसच्या आदल्या रात्री अजिबात नको. बॅटरी चांगली भरलेली, फोन चार्ज, मध्ये ॲप बंद करायचं नाही, सगळे भाग एका बैठकीत अपडेट करायचे, आणि नंतर दोन तरी राइड करून मगच रेसला न्यायची. पेअरिंग करताना आजूबाजूला दुसरी सायकल पेअरिंग मोडमध्ये नको, आमच्याकडे एका वेळी एकच हा नियम आहे आणि तो कितीही घाई असली तरी मोडत नाही. रेसच्या ठिकाणी सायकल बेवारस सोडू नका, चोरी तर आहेच, पण लिव्हरला कोणाचा हात लागतोय हेही आता बघायला हवं.

मग केबल की वायरलेस? केबलही भरवशाची आहे पण तिला स्वतःचे आजार आहेत. लिव्हरच्या आत केबलचे धागे एकेक करून तुटतात, बाहेरून काही दिसत नाही, आणि हँडलबारच्या आतून जाणाऱ्या हाउसिंगमध्ये वळणं इतकी असतात की घासण वाढत जाते. केबल बदलायला हेडसेट उघडावा लागणाऱ्या फ्रेमवर काम केलं असेल त्याला विचारा. तुमच्या बजेटमध्ये वायरलेस बसतंय, तुम्ही नियमित चार्ज करणारे आणि महिन्याकाठी ॲप उघडणारे असाल, तर वायरलेस घ्या, हॅकिंगच्या बातमीमुळे मागे येऊ नका. चार्जिंग विसरणारे असाल, किंवा आठवडाभर वीज नाही अशा लांबच्या राइड करत असाल तर केबल घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

सेकंडहँड घेत असाल तर आधीच्या मालकाकडून ॲपमधली त्याची नोंद काढून घ्या, लिव्हर आणि डिरेलर नव्याने पेअर करा, लगेच फर्मवेअर अपडेट करा, दोन्ही लिव्हरचे सेल बदला, हँगर गेजवर तपासा आणि मग लिमिट स्क्रू स्वतःच्या हाताने लावा. विकणारा अपडेट झालंय म्हणाला तरी ॲपमध्ये व्हर्जन स्वतः बघा, दोन मिनिटांचं काम आहे.